तलवाड्याच्या सॉफ्टवेअरची सोयरीक

नेकनूरच्या सरस्वतीबाई लग्नं जमवतात. तशा लग्नं जमवणाऱ्या बाया गावोगावी पैशाला पासरी झाल्यात, पण सरस्वतीबाईंची गोष्ट वेगळी. त्यांनी जमवलेल्या लग्नात "आमाला फसवलं" असं कुणी म्हणल्याचं ऐकिवात नाही. भांडणं झाली असतील, ती कुणाच्या घरी होत नाहीत? फसवणूक मात्र नाही.

ह्याचं कारण त्यांची चौकशी. स्थळ आलं की बाई विटकं लुगडं नेसायच्या, हातात दळणाची रिकामी पिशवी घ्यायच्या आणि कुणाला न सांगता पोराच्या गावाला जायच्या. पोराच्या घरी मात्र पाऊल टाकायच्या नाहीत. घरी गेलं की सगळे गोडच बोलतात, मांजरसुद्धा पायात घोटाळतं. त्या आधी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर टेकायच्या, मग न्हाव्याच्या दुकानाबाहेर, आणि शेवटी पिठाच्या गिरणीवर. कोणत्या घरची सून दळण डोक्यावर आणते आणि कोणत्या घरचा पोरगा गाडीवर आणतो, एवढ्यावरून गिरणीवाला अख्ख्या घराची कुंडली मांडतो, असं त्यांचं म्हणणं. बायांना एस.टी.चं अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तर त्यांच्या चौकशीला सुमारच राहिला नाही.

त्यांचे मालक आश्रुबा एस.टी.त कंडक्टर होते. आता रिटायर झालेत, पण कंडक्टरकी अंगातून गेलेली नाही. घरात चार पाहुणे जमले की अजून म्हणतात, "चला, आत सरका, मागं लई जागा हाय."

बाईंच्या ओसरीत एक कॉम्प्युटर आहे. स्टँडजवळ मोबाईल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा मतीन, म्हणजे पाशा मिस्त्रीचा थोरला, त्यानं तो बसवून दिलेला. त्या डब्यात पंचक्रोशीतल्या लग्नाच्या लेकी होत्या. त्यांचे फोटो, जन्मतारखा, फोन नंबर, पत्ते. काम झालं की बाई त्यावर गोधडीचा तुकडा पांघरायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "दुसऱ्याच्या लेकी हायत आत. उघड्या कशा ठेवू?"

त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या कुठल्या तालुक्यात एका लग्न जमवणाऱ्याच्या कॉम्प्युटरात इंटरनेटवरचा एक फुकटचा प्रोग्राम शिरला आणि आतल्या पोरींचे फोटो नको त्या माणसांच्या मोबाईलवर फिरले. एका पोरीचं कॉलेज सुटलं. हे कानावर आलं त्या दिवशी बाईंनी गोधडीचा तुकडा दुहेरी केला. आपल्या डब्यातनं एक जरी पोरगी अशी बाहेर गेली तर गावात तोंड कसं दाखवायचं, ही भीती तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून बसली.

आणि नेमकं तेव्हाच मोहिनीचं स्थळ आलं. मोहिनी शेजारच्या गल्लीतली, नर्सिंग शिकलेली. पोरगा सत्यम, धर्मापुरीचा. पोराचे आजोबा गहिनीनाथबाबा गुरुवारी येणार होते, आणि त्यांची एकच अट होती. पत्रिका कॉम्प्युटरवर जुळवलेली पाहिजे, छापलेली पाहिजे. मोहिनीचे आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघायच्या तयारीत होते. ट्रक एकदा हलला की गोष्ट सहा महिने लांबणीवर.

आता गंमत बघा. कॉम्प्युटर नुकताच मोडून दुरुस्त झाला होता. लेकी सगळ्या सुखरूप राहिल्या, पण पत्रिकेचा प्रोग्राम गेला.

"दुकानात न्हाई काकू," मतीन म्हणाला. कॉम्प्युटरच्या पोटातच एक दुकान असतं आणि तिथला माल तपासलेला असतो, हे त्यानं बाईंना आधीच समजावलं होतं. "गाणी हायत, खेळ हायत. तुमची ती पत्रिका न्हाई. ती बाहेरून आणावी लागंल."

"बाहेरून म्हणजे?"

"बनवणाऱ्याकडून थेट. मधी दुकानवाल्याची हमी न्हाई. आपणच पारखून घ्यायचं."

"म्हणजे परगावचं स्थळ हाय म्हण की."

मतीनच्या दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तो चपला घालत घालत म्हणाला, "हां, तसंच समजा."

सरस्वतीबाईंना "तसंच समजा" कधी म्हणू नये. त्या समजतात.

त्या लगोलग मोहिनीच्या आईशी बोलायला गेल्या. ओसरीत आश्रुबा एकटे उरले. बायकोला तेवढीच मदत, म्हणून त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि एका एका बोटानं लिहिलं, मोफत पत्रिका. लगेच पडद्यावर एक हिरवंगार बटण लुकलुकायला लागलं, आत्ताच घ्या, आत्ताच घ्या. आता ज्या माणसाचा जन्म गेला हात केला की गाडी थांबवायची आणि आत घ्यायचं ह्यात, त्याच्यानं राहवेल का? आश्रुबांनी बटण दाबलं.

बाई परत आल्या तर मालक पाहुणा आल्यासारखे खूश.

"आली बघ पत्रिका! आता उघडायची तेवढी राह्यली."

"उघडली तर न्हाई ना?"

"न्हाई. खाली लिहिलंय, आधी अँटिव्हायरस बंद करा, मग उघडा."

बाईंनी आधी माऊस त्यांच्या हातातून काढून घेतला. "ते मतीननं राखणीला बसवलंय तेच ना?"

"तेच."

"अवं, जो पाहुणा दारात उभा राहून म्हणतो आधी तुमचं कुत्रं बांधा, मगच आत येतो, त्याला तुमी घरात घेता?"

"तुझा भाऊ न्हाई का तसं म्हणायचा?"

"माझा भाऊ बांधा म्हणायचा. हा तर मारूनच टाका म्हणतोय! अन् काय हो, हिरवा शर्ट घालून भर रस्त्यात 'मला घ्या, मला घ्या' म्हणून नाचणारा नवरदेव कुठं बघितलाय का तुमी?"

"वरातीत बघितलाय," आश्रुबा म्हणाले.

बाईंनी मतीनला फोन लावला. फाईल नुसती उतरलीय, उघडलेली नाही, हे ऐकून त्यानं सुस्कारा टाकला. "कुणी हात लावू नका. कॉम्प्युटर बंद करा. मी गुरुवारी येऊन काढतो."

"म्हणजे अजून ओट्यावरच हाय," बाई म्हणाल्या. "उंबरा न्हाई ओलांडला." त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, वर गोधडी टाकली आणि गोधडीवर वरवंटा ठेवला.

मग त्यांना त्या गेलेल्या प्रोग्रामची, म्हणजे खऱ्या स्थळाची आठवण झाली. जुन्या प्रोग्रामवर छापलेल्या पत्रिका ट्रंकेत होत्याच. मदतीला आलेल्या मोहिनीनं एक काढली. खाली मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी होतं, जे आजवर कुणीच वाचलं नव्हतं. "मावशी, बनवणार रामेश्वर, मुक्काम तलवाडा, तालुका गेवराई. त्यांच्या साईटचा पत्ता पण हाय. तिथनं थेट उतरवता येतंय की."

"आधी गाव बघू," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी विटकं लुगडं, रिकामी पिशवी आणि शिक्षा म्हणून सोबत आश्रुबा. नेकनूरहून बीड, बीडला उतरून गेवराईची गाडी, तिथून तलवाडा. उतरल्या उतरल्या टपरीवर दोन चहा सांगितले आणि बाईंनी सरळ विचारलं, "हितल्या रामेश्वरचं सॉफ्टवेअर कसं हाय?"

दुसरीकडं कुठं चहावाला फिदीफिदी हसला असता. पण चौकशी म्हणलं की आपल्याकडचा माणूस गंभीर होतो. त्यानं किटली खाली ठेवली, खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले.

"कुठं न्यायचंय?"

"नेकनूरला."

"घरात कोण कोण?"

"आमी दोघंच. पण लेकी लई हायत आत."

"मग न्या बिनघोर. माझ्या मेव्हण्याकडं मादळमोहीला दिलंय. एक शब्द तक्रारीचा न्हाई. सांगितलं तेवढंच करतंय."

"घरातलं ऐकायचं अन् बाहेर जाऊन सांगायचं, असला नाद?"

"छ्या! त्याला इंटरनेटच लागत न्हाई, बाई. वायर उपसून ठेवली तरी कोपऱ्यात बसून कुंडल्या मांडतंय."

न्हाव्यानंही तेच सांगितलं, फक्त लांबण लावून. गिरणीवाल्याच्या भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या, आणि पट्ट्याच्या आवाजावर त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

"तोंडावर सांगतो! सुस्त हाय! माझ्या पोरीची पत्रिका काढायला बसलो, इकडं दळण सरलं तरी ते आपलं गोल गोल फिरतंय!"

"अन् चोर?"

"चोर न्हाई! मागं कुणीतरी ह्याच्याच नावानं दुसरंच फिरवलतं. लई घरं नासली. रामेश्वरला अन्न गोड लागंना तवा!"

बाईंचा जीव भांड्यात पडला. गावानं निव्वळ कौतुक केलं असतं तर त्या पुढच्या गाडीनं परत फिरल्या असत्या. ज्याचा एक तरी दोष सांगतात ते स्थळ खरं.

मग, रिवाज मोडून, त्या घरी गेल्या. रामेश्वर चाळिशी ओलांडलेला, कापसाच्या जिनिंगवर हिशेब लिहायला जाणारा, बिनलग्नाचा. त्याची आई शिवकन्याबाई. "तुमचं सॉफ्टवेअर बघायला आलोय" म्हणताच म्हातारीनं सतरंजी झटकली, पोहे फोडणीला टाकले आणि पोराला हात-पाय धुऊन यायला सांगितलं. रामेश्वर लॅपटॉप घेऊन आला, मधोमध ठेवला आणि खाली मान घालून बाजूला बसला.

बाईंनी नाव विचारलं, वय विचारलं, आजार विचारला. रामेश्वरनं सगळं नीट सांगितलं. वर्षाकाठी एकदा नवी दुरुस्ती निघते म्हणाला.

"दुरुस्ती घ्यायला कुणाकडं जातंय? रस्त्यात कुणी हाक मारून म्हणलं, 'मीच तुझी दुरुस्ती', तर?"

"माझ्याच साईटवरनं घ्यायची मावशी. दुसरीकडं कुठं पाटी दिसली तर दाबायची न्हाई." मग तो चाचरत म्हणाला, "पण तुमी एवढ्या लांब कावून आल्या? फोन केला असता तरी सांगितलं असतं."

"फोनवर सगळीच पोरं गोरी अन् उंच असतेत, बाळा."

आश्रुबांना परतीच्या गाडीची घाई झाली होती. "मग द्या की पेनड्राइव्हात भरून. हितंच साखरपुडा, हितंच पाठवणी."

"पेनड्राइव्ह नको काका. ह्यानं बारा गावचं पाणी प्यायलंय, गेवराईच्या झेरॉक्सवाल्याकडं रोजचं येणं-जाणं हाय त्याचं. तुमी घरी जाऊन साईटवरनंच उतरवा. मी तुमाला अंगठा देतो."

"कुणाचा?"

"फाईलीचा. प्रत्येक फाईलीला आपला अंगठा असतोय. उतरवली की तिथं तिचा अंगठा काढायचा अन् माझ्या कागदाशी लावून बघायचा. जुळला तर माझंच लेकरू. मधी कुणी आत एक टिंब जरी हलवलं असंल, तर अख्खा अंगठा बदलतोय."

अंगठा म्हणजे आकड्यांची आणि इंग्रजी अक्षरांची लांबलचक शेपटी निघाली. रामेश्वरनं ती कागदावर उतरवली, दोनदा ताडून बघितली. शिवकन्याबाईंनी कागदाच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावलं. निघताना त्यांच्या डोळ्यांत पाणी. "आमच्या सॉफ्टवेअरला बघायला म्हणून कुणी पहिल्यांदाच आलं, बाई. त्याचं जमलं. आता त्याच्या बापाचंही बघा."

"आई!" रामेश्वर म्हणाला.

गुरुवारी मतीन आला. सगळी कथा ऐकून त्यानं डोक्याला हात लावला. "काकू, तुमी खरंच तलवाड्याला गेलता? अरे, मी आपलं बोलायला बोललो!" पण ओट्यावरचा हिरवा शर्टवाला बघितला आणि त्याचं हसू मावळलं. "रामेश्वरभाईची मूळ फाईल एवढीशी हाय. हे दहापट जाड! पोटात काय काय भरून आणलंय, अल्ला जाने." त्यानं ते न उघडता काढलं, कचऱ्याची पेटीसुद्धा रिकामी केली आणि राखणीच्या कुत्र्याला सगळं घर हुंगायला लावलं. घर स्वच्छ निघालं. तरी आज नवं माणूस घरात येणार म्हणून बाईंनी सगळ्या लेकी वेगळ्या एका डिस्कवर उतरवून घेतल्या आणि ती डिस्क ज्वारीच्या कणगीत लपवली.

मतीननं दुकानातला एक रिकामा लॅपटॉप आणला होता. "आधी ह्याच्यावर दोन घटका चालवून बघू. ह्यात काहीच न्हाई, बिघडलं तर माझं बिघडंल."

"म्हणजे जानवसघर," बाई म्हणाल्या. मतीननं आता वाद घालणं सोडलं होतं.

एव्हाना ओसरीत शेजारीपाजारी जमले होते. बाईंच्या दारात कुणाचं तरी लग्न आहे, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं आणि तेवढं त्यांना पुरलं. कुणीतरी सवयीनं हळदीचे तांदूळही आणले. "सरका, पुढं सरका, मागं जागा हाय," आश्रुबा म्हणत होते. मोहिनी हळद-कुंकवाचा कागद घेऊन बसली, आणि मतीन साईटवरनं उतरवलेल्या फाईलीचा अंगठा काढून लॅपटॉपसमोर. एवढ्यात दारात फेटा दिसला. धर्मापुरीचे गहिनीनाथबाबा. त्यांना पाट दिला, पाणी दिलं, पण त्यांच्याकडं बघतंय कोण?

"सात," मतीननं वाचलं.

"न्हाई," मोहिनी म्हणाली. "माझ्याकडं इंग्रजी 'एफ' हाय."

कुणीतरी मुठीतले तांदूळ परत ताटात ठेवले.

"काय झालं?" गहिनीनाथबाबांनी आश्रुबांना हळूच विचारलं.

"मोडलं."

"आमचं?" बाबांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"तुमचं न्हाई हो. ह्याचं."

मतीन कपाळ खाजवत म्हणाला, "मघाशी लाईट गेल्ती, नेट तुटलं. फाईल अर्धीच उतरली असंल. काकू, हा तर रिकामाच लॅपटॉप हाय, उघडून बघू का? वेळ चाललाय."

"तुझ्या बहिणीचं असतं तर म्हणला असतास का, उघडून बघू?"

मतीननं ती फाईल काढून टाकली आणि पुन्हा उतरवायला लावली. वाट बघता बघता बाबांनी त्याला विचारलं, "एका अक्षरासाठी एवढं?"

"एक अक्षर न्हाई बाबा. आत कुणी जराशी जरी फिरवाफिरवी केली, एक आकडा इकडचा तिकडं केला, तरी अंगठा बदलतोय. लपतच न्हाई."

"एक आकडा जरी?"

"एक जरी."

बाबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. हवा गार होती, तरी त्यांच्या कपाळावर घाम.

दुसऱ्या खेपेला पहिलं अक्षर जुळलं. मग दुसरं. मतीन वाचायचा, मोहिनी "हाय" म्हणायची आणि प्रत्येक "हाय"ला लोक तांदूळ टाकायचे. "कीबोर्डवर नका! ओ काकी, कीबोर्डवर नका!" मतीन हात आडवा धरून ओरडत होता. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा बाहेर कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मग जानवसघरात त्याला चालवून बघितलं, कुत्र्याकडून हुंगवून घेतलं, तेव्हा कुठं ओसरीतल्या कॉम्प्युटरची गोधडी निघाली. तिथंही साईटवरनं उतरवलं, तिथंही अंगठा जुळवला. तांदूळ संपले होते, म्हणून फक्त "हाय, हाय".

मग पडद्यावर पाटी आली. प्रकाशक अनोळखी आहे. ह्याला आत येऊ द्यायचं का?

"अनोळखी कसा?" सरस्वतीबाई म्हणाल्या. "त्याच्या आजीच्या हातचे पोहे खाल्लेत मी." आणि त्यांनी स्वतःच्या बोटानं "हो" दाबलं.

प्रोग्राम आत आला. बाईंनी मोहिनीची जन्मतारीख घातली. "बोला बाबा, सत्यमची?"

बाबा फेट्याचं टोक चाळवत बसले. सगळी ओसरी त्यांच्याकडं बघायला लागली.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "मागं तुमाला जी सांगितली ना, ती जरा... दोन वर्सं मागं घ्या."

"कावून?"

"जमता जमत नव्हतं पोराचं. समदेच कमी करून सांगतेत."

"तीन," बाई म्हणाल्या.

"काय तीन?"

"दोन न्हाई, तीन वर्सं. मी दिवाळीच्या आधी धर्मापुरीच्या गिरणीवर बसून आले, बाबा. तुमी कधी सांगताय त्याची वाट बघत होते. आज न्हाई सांगितलं असतं, तर चहा पाजून तुमाला पाच वाजताच्या गाडीत बसवलं असतं."

आश्रुबांनी मान डोलावली. "जागा धरून दिली असती मी."

मोहिनीनं कागदाची घडी घातली. "बाबा, सत्यमला ठाऊक होतं का हे?"

"न्हाई, पोरी. म्हणजे, होतं. तो म्हणला, आजा, हाय तेच सांगा. माझ्याशी चार दिवस बोलला न्हाई. मीच म्हातारचळ लागल्यागत..."

मोहिनीनं बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "गिरणीवाला तेबी म्हणला."

"मग टाका खरी तारीख," मोहिनी म्हणाली.

टाकली. प्रोग्राम गोल गोल फिरायला लागला. लोक निघून गेले, चहा झाला, भजी झाली, तरी तो फिरतच होता. तलवाड्याच्या गिरणीवाल्याचा शब्द खरा निघाला. शेवटी एकदाची पत्रिका छापून आली. ज्यांच्या अटीपायी हे सगळं रामायण घडलं त्या गहिनीनाथबाबांनी ती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली, आणि चष्मा धर्मापुरीलाच राहिलाय म्हणून न वाचता घडी करून कोपरीच्या खिशात घातली. मोहिनीनंही ती बघितली नाही. ती अंगणात उभी राहून सत्यमशी फोनवर भांडत होती, आणि भांडता भांडता हसत होती.

कणगीतली डिस्क बाईंनी तिथंच राहू दिली. कॉम्प्युटरवर गोधडी घातली. तेवढ्यात फोन वाजला. तलवाड्याहून शिवकन्याबाई.

"नांदतंय का हो?"

"नांदतंय, बाई. जरा सुस्त हाय, पण खालमानेचं हाय."

"अन् त्याच्या बापाचं?"

"एक पोरगी हाय डोक्यात. पण आधी तुमच्या गिरणीवर परत येऊन बसावं लागंल मला."

"या की! मी आजच सांगून ठेवते गिरणीवाल्याला."

"सांगून ठेवलं तर मी नुसती न्हाव्याकडं जाईन," सरस्वतीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.